कुठल्या पाण्याची गोष्ट? : प्रस्तावना

शाळेतलं पर्यावरण कॅलेंडरवर चालतं. ५ जूनला जागतिक पर्यावरण दिन असतो, पण तेव्हा महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांना सुट्टी असते. म्हणून तो शाळा उघडल्यावर सोयीच्या दिवशी साजरा होतो. मग वृक्षदिंडी, घोषवाक्यं, चित्रकला, निबंध. नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा श्रेणीचा विषय आला, त्याचीही वही होते. गेल्या काही वर्षांत या यादीत शॉर्ट फिल्मची भर पडली आहे. तालुक्याला, जिल्ह्याला स्पर्धा होतात, मुलं मोबाइलवर फिल्म करतात, शिक्षक ती पेनड्राइव्हवर घालून पाठवतात. परीक्षक म्हणून अशा फिल्म मी बऱ्याच पाहिल्या. पुष्कळशा एकाच साच्यातल्या असतात. सुरुवातीला भेगाळलेली जमीन, मागे बासरी, मग जड आवाजातलं निवेदन, एक म्हातारा आणि एक रोप, शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत संदेश. एडिटिंग सफाईदार असतं. फक्त ती फिल्म कुठल्या गावात झाली, हे बघून कळत नाही. भेगाळलेल्या जमिनीचा फोटोही बऱ्याचदा गूगलवरून उतरवलेला असतो; गावची माती काळी आणि फोटोतली तांबडी.

हे पुस्तक अशा फिल्मच्या मागे उभ्या असलेल्या मोठ्या माणसासाठी आहे. तो विज्ञानाचा शिक्षक असेल, भूगोलाच्या बाई असतील, एखाद्या संस्थेची कार्यकर्ती असेल, हौशी पक्षीनिरीक्षक असेल किंवा सुट्टीत गावी आलेला मास कॉमचा विद्यार्थी असेल. चौदा-पंधरा वर्षांची मुलं हातात फोन घेऊन आपल्या परिसराची गोष्ट सांगू पाहतात, तेव्हा या माणसाने काय करायचं आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हा पुस्तकाचा विषय आहे. माझ्या मते या कामाचा सगळा कस दुसऱ्या भागात लागतो. गोष्टीला संदेशापासून वाचवणं हे मार्गदर्शकाचं पहिलं काम. ते जमलं तर बाकीचं मुलं बहुतेक आपापलं शिकतात.

डिजिटल गोष्ट म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. सांगणाऱ्याच्या स्वतःच्या आवाजातली, त्याने स्वतः काढलेले फोटो, क्लिप आणि परिसरातले आवाज जोडून केलेली, दोन ते चार मिनिटांची छोटी फिल्म, इतका साधा अर्थ इथे धरला आहे. तिला नट लागत नाहीत, महागडा कॅमेरा लागत नाही. तीन मिनिटांना तीनशेच्या आसपास शब्द पुरतात. पर्यावरणाची डिजिटल गोष्ट म्हणजे या साधनाने आपल्या पाण्याची, मातीची, हवेची, जनावरांची आणि त्यांच्यावर जगणाऱ्या माणसांची सांगितलेली गोष्ट. दिसायला हा प्रकार नवा आहे, पण तो तीन वेगवेगळ्या वाटांनी आपल्यापर्यंत आला आहे, आणि या वाटा माहीत नसल्या की मार्गदर्शक त्यांतल्या एकीलाच सगळा रस्ता समजून बसतो.

पहिली वाट पर्यावरण शिक्षणाची. आपल्याकडे तिचं मूळ परिषदांच्या फार आधीचं आहे. १९३७मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तेव्हा हाताचं काम आणि गावचा परिसर हाच शिकण्याचा पाया धरला होता. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. जगाच्या व्यासपीठावर हा विषय १९७२च्या स्टॉकहोम परिषदेने आणला आणि १९७७मध्ये तिबिलिसीच्या परिषदेने त्याची चौकट आखली: नुसती माहिती पुरेशी नाही, परिसराच्या प्रश्नांत हात घालण्याचं कौशल्यही शिकवायला हवं. भारतात १९८४मध्ये अहमदाबादला सेंटर फॉर एन्व्हायर्नमेंट एज्युकेशन सुरू झालं. १९९३पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत मुलं आपल्या गावातला एखादा प्रश्न घेऊन त्यावर प्रकल्प करू लागली. २००१च्या सुमारास राष्ट्रीय हरित सेनेचे गट शाळाशाळांत झाले.

या इतिहासातली एक गोष्ट मला विशेष वाटते. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी जो निकाल दिला, तो शाळांत पर्यावरण हा विषय सक्तीचा करणारा निकाल म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच निकालात सिनेमागृहांनी प्रत्येक खेळात पर्यावरणाच्या स्लाइड फुकट दाखवाव्यात, छोटे माहितीपट तयार व्हावेत, आकाशवाणी आणि दूरदर्शनने रोज काही मिनिटं या विषयाला द्यावीत, असंही सांगितलं होतं. म्हणजे वर्ग आणि पडदा यांची सांगड न्यायालयाने तेव्हाच घातली होती. अडचण एवढीच, की दोन्हीकडे मूल ऐकणाऱ्याच्या जागेवर होतं. वर्गात बाई सांगणार, पडद्यावर सरकार सांगणार. मुलाच्या हाती सांगण्याचं साधन यायला अजून पुष्कळ वर्षं जायची होती.

दुसरी वाट लोकांच्या हाती कॅमेरा देण्याची. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ फोगो नावाचं बेट आहे. मासेमारी बसली म्हणून तिथल्या लोकांना उठवून दुसरीकडे वसवायचा सरकारचा विचार होता. १९६७मध्ये कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचे दिग्दर्शक कॉलिन लो यांनी तिथे छोट्या छोट्या फिल्मांची मालिका केली. एका वस्तीतल्या कोळ्यांचं म्हणणं दुसऱ्या वस्तीत दाखवलं, मग ते मंत्र्यांना दाखवलं, मंत्र्यांचं उत्तर परत बेटावर आणलं. बेटावरच्या लोकांनी सहकारी संस्था उभी केली आणि बेट सोडावं लागलं नाही. फिल्म कशी झाली यापेक्षा ती कुणाला, कुठल्या क्रमाने दाखवली, हे इथे निर्णायक ठरलं.

आपल्याकडे १९८४मध्ये अहमदाबादच्या सेवा संघटनेतल्या, भाजी विकणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बाया व्हिडिओ शिकल्या. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळख नव्हती. तेलंगणात झहीराबादजवळ पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी महिलांनी बियाण्यांवर, कोरडवाहू शेतीवर आणि बीटी कापसावर फिल्म केल्या. त्यांनी कॅमेऱ्याच्या कोनांना स्वतःची नावं दिली. वरून खाली बघणारा तो पाटलाचा शॉट, कारण पाटील खाटेवरून तसाच बघतो. समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून घेतलेला तो संघम शॉट, कारण संघमच्या, म्हणजे गावातल्या बायांच्या मंडळाच्या, बैठकीत सगळ्या जमिनीवर एकत्र बसतात. कॅमेरा किती उंचीवर धरायचा, हा प्रश्न कुठलंही पाठ्यपुस्तक इतक्या नेमकेपणाने सोडवत नाही. चीनच्या युनान प्रांतातल्या शेतकरी बायांना १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साधे कॅमेरे देऊन ‘फोटोव्हॉइस’ ही पद्धत घडली; फोटो काढायचे, एकत्र बसून त्यांवर बोलायचं, आणि मग ते निर्णय घेणाऱ्यांपुढे ठेवायचे. गोव्यातून काम करणाऱ्या व्हिडिओ व्हॉलंटियर्सने २०१०मध्ये ‘इंडियाअनहर्ड’ सुरू केलं, तेव्हा गावागावांतले वार्ताहर आपल्याच भागातले प्रश्न चित्रित करून पाठवू लागले.

तिसरी वाट अमेरिकेतली. रंगमंचावर मागे पडदा लावून स्वतःच्या आयुष्यातल्या गोष्टी सांगणारे कलावंत डॅना अ‍ॅचली आणि नाटकाच्या जगातले जो लॅम्बर्ट यांनी, नीना मलेन यांच्यासह, १९९४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत साध्या माणसांसाठी कार्यशाळा सुरू केल्या. त्यातून बर्कलेचं सेंटर फॉर डिजिटल स्टोरीटेलिंग उभं राहिलं. त्यांच्या पद्धतीतला सगळ्यात मोलाचा भाग कॉम्प्युटरच्या आधी येतो. माणसं गोल करून बसतात आणि आपली गोष्ट आधी तोंडाने सांगतात. ऐकणारे विचारतात, सांगणारा अडखळतो, आणि खरी गोष्ट कुठे आहे ते त्या अडखळण्यात सापडतं. २००१पासून काही वर्षं डॅनियल मेडोज यांच्या पुढाकाराने बीबीसीने वेल्समध्ये ‘कॅप्चर वेल्स’ चालवलं आणि याच पद्धतीने तिथल्या सामान्य लोकांच्या दोन-दोन मिनिटांच्या गोष्टी पडद्यावर आल्या.

मराठी मुलाच्या हाती यांखेरीज आणखी एक ठेवा आहे आणि तो बाहेरून आणावा लागत नाही. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ महिन्यागणिक निसर्ग बघायला शिकवतं. मारुती चितमपल्लींनी वनाधिकाऱ्याच्या नोकरीत आदिवासी, पारधी, कोळी यांच्याकडून पाखरांची नावं आणि सवयी गोळा केल्या. जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जमवल्या, त्यांची संख्या लाखावर गेली, आणि आज त्या पारीच्या, म्हणजे २०१४मध्ये पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संग्रहात आवाजासकट ऐकता येतात. पाऊस, पीक, बैल, विहीर हे सगळं त्या ओव्यांत बाईच्या स्वतःच्या तोंडून येतं. नववीतल्या मुलीला निवेदन लिहायला बसवण्याआधी तिला तिच्या आजीच्या ओव्या ऐकवल्या, तर ‘पर्यावरणाचा ऱ्हास’ असले शब्द तिच्या वहीत आपोआप कमी होतात.

आज या क्षेत्रात जे काम चालतं, त्यात ढोबळमानाने चार पंथ दिसतात. पहिला ‘मी’पासून सुरू करणारा, बर्कलेच्या वळणाचा: माझ्या अंगणातलं जांभळाचं झाड पडलं त्याची गोष्ट. त्यात जिव्हाळा असतो, पण झाड का पडलं, कुणी पाडलं, हे कधीकधी अश्रूंत वाहून जातं. दुसरा गावापासून सुरू करणारा, फोगो आणि पस्तापूरच्या वळणाचा. तिथे फिल्म कुणा एकाची नसते. ती बैठकीत ठरते आणि बैठकीतच दाखवली जाते. तिसरा नोंदींचा. माधव गाडगीळांनी लोक जैवविविधता नोंदवह्यांची कल्पना रुजवली, २००२च्या जैवविविधता कायद्याने तिला जागा दिली. झाडांच्या पालवी-फुलोऱ्याच्या नोंदी ठेवणारा सीझनवॉच, पाखरांच्या नोंदींचा ईबर्ड हे त्याच स्वभावाचे उपक्रम. या पंथात आधी मोजायचं, मग सांगायचं. चौथा मोहिमेचा पंथ. प्लास्टिक टाळा, पाणी वाचवा, झाडं लावा. तो सगळ्यात लोकप्रिय आहे आणि स्पर्धांची बक्षिसंही बहुतेक त्यालाच मिळतात.

मोहिमेला माझा विरोध नाही. दुष्काळी तालुक्यात पाणलोटाची कामं मोहिमेनेच उभी राहिली. पण मुलांच्या फिल्ममध्ये मोहीम पहिल्या वाक्याला आली की चौकशी तिथेच थांबते. उत्तर ठरलेलं असल्यावर प्रश्न कोण विचारणार? या पुस्तकाचा कल दुसऱ्या आणि तिसऱ्या पंथाकडे आहे आणि पहिल्याकडून तो गोल करून बसण्याची रीत घेतो. हे मिश्रण मला योग्य वाटतं.

मार्गदर्शन प्रत्यक्षात कसं होतं, याचा एक नमुना सांगतो. कोरडवाहू भागातल्या एका शाळेत नववीच्या मुलींचा गट होता. स्क्रिप्ट लिहून तयार होतं. त्यांच्या बाईंनी ते वाचलं आणि वही मिटून समोर ठेवली.

‘‘कशावर फिल्म करताय गं?’’

‘‘पाण्यावर, बाई.’’

‘‘कुठल्या पाण्यावर?’’

‘‘पाणीटंचाईवर.’’

‘‘कुणाच्या?’’

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. मग एक म्हणाली, ‘‘आमच्या आळीत आड आहे. त्याला फेब्रुवारीतच तळ दिसतो.’’

‘‘पूर्वी कधी दिसायचा?’’

‘‘माहीत नाही. आजीला विचारावं लागेल.’’

‘‘मग विचार की.’’

आजीने सांगितलं, आड आखितीपर्यंत पुरायचा. मग मुलींनी आडाच्या आसपास काय बदललं ते बघायला सुरुवात केली. वरच्या अंगाला ऊस आला होता आणि उसासाठी बोअर. बोअर कुणाची? तर त्याच मुलीच्या चुलत्याची. इथे गट थबकला. दुसरा एखादा मार्गदर्शक म्हणाला असता, ‘‘जाऊ दे, विषय बदला,’’ किंवा म्हणाला असता, ‘‘हेच तर दाखवायचं!’’ बाई म्हणाल्या, ‘‘काकांनाही विचारा.’’ काका आधी चिडले, मग बोलले. पहिली बोअर आटली म्हणून दुसरी मारली होती, दुसरीचं कर्ज अजून फिटलेलं नव्हतं, आणि तिलाही आता उन्हाळ्यात पाणी टिकत नव्हतं. फिल्ममध्ये शेवटी आजी आली, काका आले, आड आला. खलनायक कुणी उरला नाही. ‘पाणी म्हणजे जीवन’ हे वाक्य मुलींनी स्वतःच काढून टाकलं, कारण आता सांगण्यासारखं बरंच होतं आणि मिनिटं तीनच होती.

बाईंनी कॅमेऱ्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. कोण, कुठे, कधीपासून, कशावरून, एवढेच प्रश्न त्या विचारत राहिल्या. यातला ‘कशावरून’ सगळ्यात कष्टाचा. आजीची आठवण महत्त्वाची, पण ती ताडून बघायची सोय असेल तर बघावी. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. जवळपासच्या विहिरीच्या नोंदी मागायला मुलांनी शिक्षकांसोबत जावं. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते, पीकपेरा असतो. तलाठ्याच्या कार्यालयाची पायरी चौदाव्या वर्षी चढलेलं मूल पुढे नागरिक म्हणून जरा वेगळं होतं.

तंत्राचा भाग मी थोडक्यात आटोपतो, कारण तिथे मुलं मोठ्यांच्या पुढे असतात. तरी दोन गोष्टी त्यांना कुणी सांगितल्याशिवाय सुचत नाहीत. पहिली आवाजाची. चित्र जरा हललं तर बघणारा चालवून घेतो, आवाज घुमला किंवा वाऱ्याने फाटला तर फिल्म सोडून देतो. पत्र्याच्या वर्गात निवेदन रेकॉर्ड करू नये. घरी कपड्यांनी भरलेल्या कपाटाजवळ बसावं किंवा सरळ डोक्यावरून गोधडी घ्यावी आणि फोन तोंडापासून वीतभर लांब धरावा; प्रतिध्वनी नाहीसा होतो. दुसरी गोष्ट थांबण्याची. शॉट सुरू करून दहा अंक मनात मोजेपर्यंत फोन हलवायचा नाही. रील बघून वाढलेल्या हाताला हे फार जड जातं. पण आडात दोर सोडणाऱ्या बाईचा दोर किती खोल जातो, हे तेवढ्या वेळात आपोआप दिसतं आणि निवेदनातलं एक वाक्य वाचतं.

वेळेचं गणितही लक्षात घ्यायला हवं. एका दिवसाच्या कार्यशाळेत मुलं अ‍ॅप शिकतात, गोष्ट शिकत नाहीत. परिसराची गोष्ट ऋतूंनी चालते. पेरणीच्या वेळी काढलेला फोटो जानेवारीत हाताशी असला तरच बदल दिसतो. जूनमध्ये गट बसवावा, पावसाळाभर बघणं आणि नोंदी, दिवाळीच्या सुट्टीत मुलाखती, स्नेहसंमेलनाच्या आधी जोडणी, हे वेळापत्रक शाळेच्या वर्षात बसतं. दहावीची मुलं बोर्डाच्या दडपणाखाली असतात. आठवी-नववी हे खरं वय. शाळेत फोन आणायला बंदी असेल तर एक जुना फोन शाळेच्या नावाने ठेवावा आणि गटात फिरवावा. एका फोनचा फायदाही आहे: तीन जणांना बोलून ठरवावं लागतं की आता काय टिपायचं.

काय टिपायचं नाही, हा प्रश्न तितकाच मोठा आहे. नदीतून वाळू कशी उपसली जाते, हे बऱ्याच गावांतल्या मुलांना पाठ असतं. त्यांना ते रात्री जाऊन शूट करावंसं वाटतं. तिथे मार्गदर्शकाने स्पष्ट नाही म्हणावं. पोलिसांना आणि तहसीलदारांना जिथे जपून पाऊल टाकावं लागतं, तिथे मुलांनी जायचं नाही. नदीची गोष्ट दिवसा, काठावरच्या विहिरींतून, धुण्याच्या दगडांतून, आटलेल्या डोहांतूनही सांगता येते. माणसांच्या परवानगीचंही तसंच. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे बालक धरले आहेत आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. पण कायद्याच्या आधी माणुसकी आहे. आजीला फिल्म संपल्यावर दाखवावी आणि ‘हे राहू दे का?’ असं विचारावं. ती नको म्हणाली तर तो तुकडा काढावा.

प्राण्यांकडून परवानगी घेता येत नाही, म्हणून तिथे जबाबदारी दुप्पट. कोकणात मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर २००२पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली जातात. घरट्यातून बाहेर पडलेली पिल्लं उजेडाचा माग घेत समुद्राकडे जातात. मोबाइलचा फ्लॅश किंवा टॉर्च लागला की ती उलट दिशेला वळू शकतात. चांगला शॉट आणि जिवंत पिल्लू यांतलं काय हवं, हे मुलांना किनाऱ्यावर पोचण्याआधी विचारायला हवं. माळढोक, गिधाडं, दुर्मीळ ऑर्किड यांची नेमकी जागा फिल्ममध्ये सांगू नये आणि फोटोतलं लोकेशन बंद ठेवावं, हे साधे नियमही याच समजुतीतून आले आहेत.

आता हे सगळं आजच का? आज नववीत असलेल्या मुलाचं लहानपण आठवून बघा. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पुराखाली गेलं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. २०२३च्या जुलैत इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. हवामान बदल या पिढीने पुस्तकात वाचण्याच्या आधी घराच्या छपरावर अनुभवला. टीव्हीवर त्याची बातमी दोन दिवस चालली आणि कॅमेरे परत गेले. बाग पुन्हा फळायला किती वर्षं लागतात, नवी वस्ती शेतापासून किती लांब पडते, दुष्काळात चारा छावणीतून परतलेल्या जनावरांचं काय होतं, ही मागे उरलेली गोष्ट सांगायला तिथेच राहणारं कुणीतरी लागतं.

दुसरं कारण फोनमध्येच आहे. जुन्नर, आंबेगाव, अकोले या भागांत उसाच्या शेतांत बिबटे राहतात, माद्या तिथेच पिल्लं घालतात. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाने दाखवलं की २०००नंतरच्या वर्षांत जुन्नरमध्ये बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडल्यावर हल्ले वाढले, आणि अकोल्यासारख्या दाट वस्तीच्या शेतीभागातही बिबटे माणसांच्या शेजारी वावरतात. हा गुंतागुंतीचा विषय आहे. तिथे माणसं, लहान मुलंही, मारली गेली आहेत. अशा भागात दर आठवड्याला व्हॉट्सअ‍ॅपवर बिबट्याचा एखादा व्हिडिओ फिरतो. तो कधी दुसऱ्या राज्यातला असतो, कधी जुना, आणि आता कधी कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलाही. जिने स्वतः एक फिल्म केली आहे ती नववीतली मुलगी असा व्हिडिओ पाहून विचारते, ‘‘हा कुठला ऊस? आपल्याकडे सध्या ऊस एवढा वाढलेला आहे का?’’ फिल्म करायला शिकण्याने आलेली ही शंका तिच्या फिल्मपेक्षाही मोलाची ठरू शकते. आणि तिने जर आपल्या वस्तीची गोष्ट सांगितली, संध्याकाळी परसाकडे जाताना बाया एकत्र का जातात, कुत्री कुठे बांधतात, वीज रात्रीची का येते आणि पाणी द्यायला बाबांना अंधारात उसात का जावं लागतं, तर बिबट्याच्या प्रश्नातलं विजेचं वेळापत्रक कुणाच्याही भाषणापेक्षा लवकर ध्यानात येतं.

या पुस्तकाने या सगळ्यातून स्वतःसाठी एक मर्यादित काम निवडलं आहे. ते एडिटिंग शिकवणारं पुस्तक नाही; अ‍ॅप दर वर्षी बदलतात, काही बंदही होतात. ते पर्यावरणशास्त्राचं पाठ्यपुस्तकही नाही. मार्गदर्शकाने कुठला प्रश्न कधी विचारावा, मुलांचं स्क्रिप्ट लाल पेनाशिवाय कसं वाचावं, गटात मागे राहणाऱ्या मुलाकडे कुठलं काम द्यावं, चुकीची माहिती सापडली तर मुलांना न दुखावता ती कशी दुरुस्त करावी, गावातल्या वजनदार माणसाचा फोन मुख्याध्यापकांना आला तर काय करावं, अशा व्यवहाराच्या गोष्टी त्यात आहेत. उदाहरणं कोकण, मराठवाडा, विदर्भ, सह्याद्रीचा घाटमाथा आणि शहरातल्या वस्त्या यांतली आहेत. शहरातल्या मुलाच्या परिसरात नाला, कचऱ्याचा डेपो आणि टँकर असतो, हेही लेखक विसरलेले नाहीत. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंच पाहिजे असंही नाही. ज्या टप्प्यावर गट अडला असेल, तिथलं प्रकरण उघडावं.

लेखकांशी माझा एक मतभेद आहे आणि प्रस्तावनेत तो लपवणं बरं नाही. स्पर्धांसाठी फिल्म कशी पाठवावी, यावर त्यांनी बराच मजकूर दिला आहे. शिक्षकांची गरज म्हणून तो ठीक. शाळेला प्रमाणपत्र हवं असतं, मुलांना व्यासपीठ हवं असतं. पण स्पर्धेचा परीक्षक जिल्ह्याच्या गावी बसलेला असतो, त्याला आड माहीत नसतो. त्याला आवडावं म्हणून बासरी परत येते, भेगाळलेली जमीन परत येते, शेवटचा संदेशही परत येतो. मी क्रम उलटा ठेवेन. फिल्म आधी ज्यांच्यावर केली त्यांच्या आळीत दाखवावी, मग ग्रामसभेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी तर झेंडावंदनासाठी शाळेची मुलं तिथे असतातच. लोक बघतील, कुणी म्हणेल हे चूक आहे, आड त्याच्याही आधीपासून आटतोय. कुणी म्हणेल, पण मग दोन बोअरच्या मधलं अंतर कोण बघतं? वाद होईल. मुलांना त्या वादात उभं राहून ‘आम्ही असं विचारलं, अमक्याने असं सांगितलं, नोंद अशी आहे’ एवढं सांगता आलं, तर मार्गदर्शकाचं काम झालं. त्यानंतर ती फिल्म खुशाल स्पर्धेला जाऊ द्यावी.